कडेवरून खांद्यावर

[काळ्या कापडावर उभं कापलेलं, निकामी केलेलं काडतूस. कॅमेरा बुडापासून टोकाकडे सरकतो.]

थ्री-नॉट-थ्री. महाराष्ट्रात हे नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पोलिसाच्या खांद्यावर ते आपण वर्षानुवर्षं पाहिलं आहे. हे तिचंच काडतूस, उभं चिरलेलं. बुडावर दोन अक्षरं आहेत, के आणि एफ. के म्हणजे किरकी, आपली पुण्याची खडकी. १८६९ पासून तिथे दारूगोळ्याचा कारखाना आहे.

आत पूड नाही, शेवयांची जुडी आहे. ही कॉर्डाइट, म्हणजे काडतुसातली दारू. जुडीची जाडी आणि पुंगळीच्या मानेची जाडी एकदा ताडून पाहा. या मानेतून ही जुडी आत जाईल? नाही जाणार. पुंगळी सरळ नळकांडं असतानाच शेवया भरायच्या, वर पुठ्ठ्याची चकती बसवायची आणि मग मान आवळायची. गोळी सगळ्यात शेवटी.

[बुडाच्या आतला भाग, अगदी जवळून. दोन बारीक भोकं.]

ही दोन भोकं लक्षात ठेवा. प्रायमर म्हणजे बुडात बसवलेली, पिन आदळली की पेटणारी टोपी. तिची ठिणगी इथून दारूपर्यंत पोचते. या पद्धतीला बर्डन म्हणतात. बर्डन हा अमेरिकन. मधोमध एकच भोक असलेली दुसरी पद्धत बॉक्सर या इंग्रजाची. आणि झालं असं की इंग्रजांच्या फौजेनं अमेरिकनाची पद्धत उचलली, अमेरिकनांनी इंग्रजाची. घरी काडतूस पुन्हा भरणाऱ्याला मात्र बॉक्सरच हवी, कारण वापरलेला प्रायमर मधल्या भोकातून सुई घालून बाहेर ढकलता येतो. खडकीची पुंगळी म्हणून या टेबलावर फक्त पाहण्यापुरती.

[बिस्ली, सरे परगणा. सेंच्युरी रेंजवर सकाळचं धुकं. लक्ष्यांची लांबच लांब रांग.]

इंग्लंडमधलं बिस्ली. नेमबाजीचे वार्षिक सामने १८९० पासून इथे भरतात. ही सेंच्युरी रेंज, सहाशे यार्डांपर्यंतची. पलीकडची स्टिकलडाउन बाराशे यार्डांपर्यंत जाते.

[रायफल. दस्ता, बोल्ट, मागची छिद्राची साइट. लाकडावरचा शिक्का.]

आणि ही ली-एनफिल्ड, नंबर फोर मार्क टू. लिव्हरपूलच्या फझाकर्ली कारखान्यात घडलेली. मागे लष्करी साइटच्या जागी पार्कर-हेल कंपनीची बारीक छिद्राची साइट आहे. लाकडावर ‘फुल्टननं जुळवलेली’ या अर्थाचा इंग्रजी शिक्का आहे. हे फुल्टन बिस्लीचेच बंदूक-कारागीर. त्यांच्यातल्या आर्थर फुल्टननं किंग्ज प्राइझ, बिस्लीचं सर्वांत मानाचं बक्षीस, तीनदा जिंकलं: १९१२, १९२६ आणि १९३१. इथले सामने पुढे ७.६२ मिलिमीटरकडे वळले आणि अशा कित्येक रायफली भिंतीवर गेल्या. भिंतीवर ती छान दिसते, यात वाद नाही. पण हिला पुन्हा नेमकं मारायला लावायचं, तर तिच्या मापाची काडतुसं घरी भरावी लागतात. ती कशी, ते पाहू.

[ताणकाट्यानं नळीचं टोक वर उचललं जातंय.]

काडतुसाला हात लावण्याआधी लाकूड तपासायचं. नंबर फोरचं पुढचं लाकूड नळीला तोंडापाशी खालून रेटा देतं. हा रेटा दोन ते सात पौंड असावा. ताणकाट्याला नळी अडकवून हळूहळू उचला. नळी लाकडावरून सुटते त्या क्षणीचा आकडा वाचा. काटा एक पौंडच दाखवत असेल किंवा नळी एका बाजूला घासत असेल, तर जगातली कुठलीही दारू आणा, ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरचा छिद्रांचा पुंजका, फाटणारच. पाऊस खाल्लेलं लाकूड फुगतं आणि हा आकडा बदलतो. फुल्टनचा शिक्का आहे म्हणून ही तपासणी टाळू नये.

[शिशाचा ठोकळा नळीच्या तोंडावर. लाकडी हातोडी. पितळी गज.]

आता नळीचा व्यास. आत तेलाचा बोळा फिरवा, मऊ शिशाचा तुकडा तोंडावर ठोका आणि पितळी गजानं चेंबरपर्यंत, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीपर्यंत, ढकलत न्या. बाहेर येतो तेव्हा त्यावर आट्यांचा ठसा असतो. अडचण अशी की या नळीत पाच खाचा आहेत. पाच हा विषम आकडा, त्यामुळे एका उंचवट्यासमोर दुसरा उंचवटा येतच नाही, खळगा येतो. साधा मायक्रोमीटर लावला तर माप कमी येतं आणि माणूस बारीक गोळी विकत आणतो. म्हणून त्रिकोणी जबड्याचा मायक्रोमीटर वापरा. तो नसेल तर एक थाउ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, जाडीची पत्र्याची पट्टी शिशाभोवती गुंडाळून मापा आणि दोन थाउ वजा करा. युद्धकाळात दोन खाचांच्याही नळ्या निघाल्या. त्यांना ही कटकट नाही.

या नळीचं माप आलं ०.३१३ इंच. सिएरा मॅचकिंग १७४ ग्रेन वजनाची (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम) गोळी ०.३११ असते आणि मागून निमुळती. ०.३१३ पर्यंत ती सहसा चालून जाते. नळी त्याहून सैल निघाली तर सपाट बुडाची गोळी घ्या, कारण स्फोटाच्या दाबानं सपाट बूड फुगून खाचा भरतं. निमुळत्या बुडाच्या कडेनं गॅस पुढे निसटतो. मूळ लष्करी काडतूस मार्क सेव्हन, त्याची गोळीही सपाट बुडाचीच होती.

[दोन पुंगळ्या शेजारी शेजारी. एक कोरी, एक उडवलेली.]

आता खरी गोष्ट. या दोन पुंगळ्यांचे खांदे, म्हणजे अंग मानेकडे निमुळतं होतं तो भाग, पाहा. डावी कोरी, उजवी याच रायफलीत एकदा उडालेली. उजवीचा खांदा नुसत्या डोळ्यांनाही पुढे गेलेला दिसतो. लष्करी चेंबर मुद्दाम ऐसपैस ठेवलेलं असतं, खंदकातल्या चिखलानं माखलेलं काडतूसही आत जावं म्हणून. आणि ते अंगानं कितीही सैल असलं तरी लष्कराचं अडत नाही, कारण थ्री-नॉट-थ्रीच्या बुडाला बाहेर आलेली कड आहे. काडतूस त्या कडेवर अडकतं, खांद्यावर नाही.

काडतूस मागून कोंडणारा दांडा म्हणजे बोल्ट. त्याचा चेहरा आणि कड टेकते ती जागा, यातलं अंतर ०.०६४ ते ०.०७४ इंच चालतं. कोऱ्या पुंगळीची कड मापली तर बऱ्याचदा ०.०५८ ते ०.०६० भरते. म्हणजे काडतूस मागेपुढे हलायला मोकळं. चाप ओढला की पिन त्याला पुढे ढकलते. दाब चढतो, पातळ भिंती चेंबरला घट्ट चिकटतात, आणि जाड बूड मात्र मागे बोल्टवर जाऊन आदळतं. मधलं पितळ ताणलं जातं. त्यात ली-एनफिल्डचे कुलुपाचे दाते बोल्टच्या मागच्या टोकाला, त्यामुळे अख्खा बोल्ट दाबला जाऊन किंचित आखडतो. ताण आणखी वाढतो.

[पुंगळीवर काळी रबरी रिंग चढवली जाते. बोल्ट हलक्या विरोधानं बंद होतो.]

उपाय प्लंबरच्या दुकानात मिळतो. नळाची बारीक रबरी रिंग. कोऱ्या पुंगळीत पुस्तकात दिलेली सुरुवातीची दारू भरा आणि ही रिंग कडेच्या लगेच पुढे चढवा. बोल्ट लावताना ती दबते आणि बूड मागे बोल्टला टेकवून धरते. आता पितळाला मागे जायला जागाच नाही, म्हणून ते पुढे जातं आणि खांदा चेंबरभर फुगतो. रिंग जाड असेल तर बोल्ट जबरदस्तीनं लावू नका, पातळ आणा. शिवणाच्या दोऱ्याचे काही वेढेही चालतात. पुंगळीला तेल लावायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. तेलकट पुंगळी भिंतीला धरत नाही आणि सगळा मार बोल्टवर येतो.

[उडाल्यावर बाहेर पडलेली चपटी रिंग, तळहातावर.]

मूल कडेवरून खांद्यावर जावं, तसं हे काडतूस आता कडेवरून खांद्यावर आलं. यापुढे ते या एका चेंबरच्या मापाचं आहे, दुसऱ्या रायफलीत कदाचित जाणारही नाही. कडेवर कानशीनं बारीक खूण करा आणि दर वेळी ती खूण १२ वाजता ठेवून भरा. जुनं चेंबर क्वचितच पूर्ण गोल असतं.

[प्रेसची मूठ खाली येते. कॉलेट डाय मान आवळते.]

इथून पुढे पूर्ण पुंगळी आवळणारी डाय, म्हणजे साचा, कपाटात. ती खांदा पुन्हा मागे ढकलते आणि केलेलं सगळं वाया जातं. फक्त मान आवळायची, कॉलेट डायनं. आतला दांडा गोळीच्या व्यासापेक्षा साधारण दोन थाउ बारीक हवा. चारपाच फेऱ्यांनंतर बोल्ट जड लागू लागला, तर तेवढ्यापुरता खांदा दोन थाउ मागे घ्या, जास्त नाही. पुंगळीची लांबी २.२२२ इंचांच्या वर गेली की २.२१२ ला कापा.

[अंधारी खोली. ज्योतीत फिरणारी मान. पितळाचा रंग बदलतो.]

पुन्हा पुन्हा आवळून पितळ ताठर होतं आणि गोळी कधी घट्ट, कधी सैल धरतं. म्हणून दर तीनचार फेऱ्यांनी मान तापवायची. खोलीत अंधार हवा, कारण उजेडात मंद लाली दिसत नाही. लाली उमटते न उमटते तोच पुंगळी पाण्यात. बूड कधीही तापवू नये. मऊ बूड म्हणजे हातबॉम्बच.

[काटा. चिमट्यानं टाकलेला एक एक कण.]

दारूबद्दल लोक रात्रभर बोलतील. इथे थोडक्यात. टेबलावर एका वेळी एकच डबा. फिनलंडची विहटावुओरी एन-१४० या कामाला चांगली. कंपनीच्या चालू पुस्तकातल्या किमान मापापासून सुरू करा आणि ०.३ ग्रेनच्या पायरीनं चढा. ०.३ ग्रेन म्हणजे तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाएवढं. पुस्तकातली कमाल मर्यादा आली की थांबा. सेकंदाला २४४० फूट वेग त्याआधीच मिळाला तर तिथेच थांबा. मार्क सेव्हनचा वेग तेवढाच होता आणि रायफलीच्या मूळ साइटवरचे यार्डांचे आकडे त्याच वेगासाठी कोरलेले आहेत. प्रायमर चपटा दिसेपर्यंत वाट पाहू नका. या बोल्टमध्ये धोक्याच्या खुणा उशिरा दिसतात. प्रायमर बाहेर डोकावत असेल तर मात्र घाबरू नका. दाब कमी पडला आणि बूड मागे टेकलंच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

गोळ्या बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करा आणि वरून टॉर्च मारा. पन्नास तोंडांत दारूची पातळी एकसारखी दिसली पाहिजे.

[सेंच्युरी रेंज, दोनशे यार्ड. लक्ष्यावर पेन्सिलनं लिहिणारा हात.]

चाचणी दोनशे यार्डांवर. पाच मापं, प्रत्येकी पाच गोळ्या, पण आळीपाळीनं: पहिल्या मापाची एक, दुसऱ्याची एक, असं. एका मापाच्या पाचही सलग झाडल्या तर तापलेल्या नळीचा दोष शेवटच्या मापाच्या माथी बसतो. स्वच्छ पुसलेल्या नळीतून निघालेली पहिली गोळी मोजायचीच नाही.

लक्ष्यावरच्या प्रत्येक छिद्राशेजारी त्या गोळीचा वेग लिहिला आहे. नीट पाहा. कमी वेगाच्या गोळ्या वर आहेत, जास्त वेगाच्या खाली. उलटं दिसतं ना? ली-एनफिल्डची नळी गोळी सुटताना वर उसळत असते. मंद गोळी उशिरा निघते, तोवर तोंड आणखी वर गेलेलं असतं. जवळच्या अंतरावर त्यामुळे ग्रुप उभा पसरतो. पण लांबवर मंद गोळी जास्त खाली येते आणि नऊशे-हजार यार्डांच्या आसपास दोघी एका जागी भेटतात. म्हणून स्टिकलडाउनवर जाणाऱ्यानं दोनशेवरचा सर्वांत बारका ग्रुप निवडू नये. वेगाप्रमाणे शिस्तीत उभा लागलेला ग्रुप निवडावा. ज्याला दोनशे-तीनशेच्या पुढे जायचंच नाही, त्यानं बारका घ्यावा.

[चष्मा चढवणारा नेमबाज. लाल झेंडा.]

कायद्याचं एका वाक्यात: भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये रायफलीला परवाना लागतो. चष्मा मात्र दोन्हीकडे हवाच.

[टेबल. संध्याकाळचा उजेड. कागदाची क्लिप सरळ करून टोकाला वाकवलेली.]

प्रत्येक फेरीनंतर ही तपासणी. क्लिपची तार सरळ करायची आणि टोक काटकोनात वाकवायचं. तोंडातून आत घालून बुडाकडून वर भिंतीवरून ओढत आणायचं. चांगल्या पुंगळीत टोक गुळगुळीत सरकतं. ताणलेल्या पुंगळीत बुडाच्या थोडं वर, सहासात मिलिमीटरवर, आत खळगा झालेला असतो. तिथे टोक अडतं. बाहेरून त्याच जागी चकचकीत कडं दिसतं. तिला आणखी एकदा उडवली तर बूड तुटून बाहेर येईल, उरलेलं नळकांडं चेंबरमध्ये अडकेल आणि गॅस तोंडावर येईल.

[तार सरकते. सरकते. अडते. पक्कड.]

तार अडली की दुसऱ्यांदा तपासत बसायचं नाही. पकडीनं तोंड चेपायचं, म्हणजे चुकून पुन्हा भरली जाणार नाही, आणि भंगाराच्या डब्यात टाकायची. ठोकळ्यात उरल्या एकोणपन्नास.