रणगाड्यात चौघं होते

श्रोतेहो, नमस्कार. आज लष्करी संग्रहालयांबद्दल बोलायचंय, आणि मी तुम्हाला थेट नगरला नेणार आहे. गावाचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण एसटीत तिकीट मागताना तोंडात नगरच येतं.

तिथे लष्कराच्या चिलखती दलाचं, म्हणजे रणगाड्यांच्या दलाचं केंद्र आहे, शाळा आहे आणि रणगाड्यांचं संग्रहालय आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिनचंद्र जोशी यांनी ते सुरू केलं. रोल्स रॉइसची जुनी चिलखती गाडी आहे, जपान्यांचा बुटका रणगाडा आहे, १९६५ च्या लढाईतला पाकिस्तानचा पॅटन रणगाडा आहे. लोक पॅटनपाशी उभे राहून फोटो काढतात आणि पुढे जातात. काढू द्या. पण पोरांना तोफेच्या नळीला लोंबकळू देणाऱ्या आईबापांना मात्र काहीतरी सांगायला हवं.

तर, गोष्ट सांगतो. १९७१ साल. नगरच्या या शाळेत तरुण अधिकाऱ्यांचा कोर्स चालू होता. त्यात एक होता सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. जन्म पुण्याचा, वय एकवीस, जूनमध्येच कमिशन मिळालेलं. रेजिमेंट पूना हॉर्स. हीसुद्धा आपल्याकडचीच बरं का. १८१७ साली दुसऱ्या बाजीरावाशी झालेल्या तहातून उभी राहिलेली.

युद्ध पेटायच्या बेताला आलं आणि कोर्स थांबवला. अर्धवट राहिला कोर्स. सगळ्यांना आपापल्या रेजिमेंटला धाडलं. वाटेत अरुण दिल्लीला घरी गेला. सामानात गोल्फच्या काठ्या आणि मेजवानीचा निळा गणवेश! हे कशाला, असं घरच्यांनी विचारलं. तर म्हणाला, लाहोरला गोल्फ खेळणार, आणि जिंकल्यावर मेजवानी होईलच की, तेव्हा घालायला गणवेश नको? धाकट्या भावाने ही आठवण सांगितली आहे. मला ती फार आवडते. परमवीर म्हटलं की आपण लगेच पुतळा करतो माणसाचा. हा तर थट्टा करणारा पोरगा होता.

१६ डिसेंबर. पाकिस्तानातल्या शकरगड भागात बसंतर नदी. सुरुंगपट्ट्यातली वाट पुरती मोकळी व्हायच्या आतच पूना हॉर्सचे रणगाडे पलीकडे घुसले होते. रेजिमेंटच्या एका तुकडीवर, स्क्वाड्रनवर, पाकिस्तानी रणगाडे चालून आले, स्क्वाड्रनने वायरलेसवर मदत मागितली आणि अरुण धावला. रणगाडा सेंच्युरियन, नाव ‘फामागुस्ता’. त्याला गोळा लागला, आग लागली. बाहेर पड, असा हुकूम आला. उत्तर गेलं, नाही सर, रणगाडा सोडणार नाही, माझी तोफ अजून चालतेय. चार रणगाडे त्याच्या नावावर आहेत. पुन्हा गोळा लागला, त्यात तो गेला. त्याच दिवशी ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या.

समोर होती पाकिस्तानची १३ लान्सर्स. १९४७ मध्ये चिलखती रेजिमेंटांची वाटणी झाली, बारा भारताला, सहा पाकिस्तानला. त्या सहांतली ही एक. चोवीस वर्षांपूर्वी दोन्ही रेजिमेंटा एकाच सैन्यात होत्या. आपल्या सैन्याचा इतिहास सांगताना हे टाळून चालत नाही, पण बहुतेक जण टाळतात.

‘फामागुस्ता’ शत्रूच्या हाती लागला. पुढे तो परत मिळाला, दुरुस्त झाला, आणि आता आहे नगरलाच, चिलखती दलाच्या केंद्रात. कोर्स अर्धवट राहिला तिथेच.

माझी एक तक्रार आहे. संग्रहालयातली पाटी काय सांगते? वजन, वेग, तोफेची जाडी. आत कोण बसलं होतं, ते क्वचित. ‘फामागुस्ता’त चौघं होते. चौघं! अरुणचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. बाकीचे तिघे सवार, म्हणजे या दलातले साधे जवान. चालक होता सवार प्रयागसिंग, तोफेवर सवार नथ्थूसिंग, वायरलेसवर सवार नंदसिंग. नंदसिंग त्याच रणगाड्यात कामी आला. पाटी लहान पडते म्हणता? मग तोफेची जाडी वगळा.