सोळा किलोंचं रेखाटन

(दृश्य: लाइटबॉक्स, पेगबारवर कागद बसवणारा हात)

कागदाच्या कडेला तीन भोकं: मधलं गोल, बाजूची दोन लांबट. ती पेगबारवर, म्हणजे खुंट्यांच्या पट्टीवर, बसली की एकावर एक कितीही कागद ठेवा, रेघ जागची हलत नाही.

या कागदावर सूट घातलेला एक दांडगा माणूस आहे आणि त्याच्या पुढ्यात चारेक वर्षांची मुलगी. पुढच्या तीन सेकंदांत तो तिला उचलणार आहे. ॲनिमेत, म्हणजे जपानी ॲनिमेशनमध्ये, सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र बहुधा तीन फ्रेम धरून ठेवतात. म्हणजे तीन सेकंदांना २४ चित्रं. मारामारीत एखादं चित्र हुकलं तर धूर, ठिणग्या, कॅमेऱ्याचा झटका ते सांभाळून घेतात. इथे आडोसा नाही. मूल उचलताना कसं दिसतं, हे बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

(दृश्य: की-चित्रं एकामागून एक)

चार वर्षांच्या मुलाचं वजन साधारण १६ किलो. हे वजन चित्रात कुठून येतं, बघा. आधी माणसाचे गुडघे वाकतात, मग पाठ. हात काखेत जातात. आता मुलीचे खांदे कानांपर्यंत वर सरकतात, फ्रॉक पोटावरून वर ओढला जातो, पण पावलं अजून जमिनीवरच आहेत. ती दोन-तीन फ्रेम उशिरा सुटतात. उचलून झाल्यावर माणूस किंचित मागे झुकतो आणि मग सावरतो. आपल्याकडे कडेवर घेतात तसं कमरेच्या हाडावर नाही. तो तिला हातावर बसवून छातीशी टेकवतो, त्यामुळे तोल सांभाळायचं काम पाठीकडे येतं.

की-चित्र म्हणजे हालचालीतल्या मुख्य टप्प्याचं चित्र. त्याच्या कोपऱ्यात ही जी छोटी शिडी काढली आहे, ती मधली चित्रं काढणाऱ्यासाठी; एक खूण म्हणजे एक चित्र. सुरुवातीला खुणा दाट, मध्ये विरळ, शेवटी पुन्हा दाट. शिडीकडे न बघता अंतर सारखं वाटून टाकलं, तर मुलगी फुग्यासारखी वर येते. सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच.

(दृश्य: दोन कागद, एकावर माणूस, दुसऱ्यावर मुलगी)

दुसरी चूक हाताची. माणूस एका लेयरवर, मुलगी दुसऱ्या. पण त्याचा दंड तिच्या मागे आहे आणि पंजा पुढे, म्हणजे एकच हात तिच्या दोन्ही बाजूंना. लेयर वेगळे ठेवले तर पंजा फ्रॉकवरून घसरत जातो. कापड एका गतीने हलतं, बोटं दुसऱ्या. उपाय कष्टाचा आहे: स्पर्श झाला त्या फ्रेमपासून दोघांना एकाच कागदावर काढायचं. सावलीची कड निळ्या पेन्सिलीने, प्रकाशाची लाल. बोटांखाली कापडाला चुणी हवीच.

(दृश्य: ‘स्पाय एक्स फॅमिली’ची उंचीची तुलना)

२०२२ साली आलेल्या या मालिकेत गुप्तहेर बाप लॉइड १८७ सेंटिमीटर, त्याची दत्तक मुलगी आन्या ९९.५. तिचं डोकं त्याच्या कमरेपाशी येतं. दोघं उभे असतील तर एकाच चौकटीत दोन चेहरे जवळून दाखवता येत नाहीत. म्हणून सोफा, जेवणाचं टेबल, उकिडवं बसणं. २०२३च्या ‘बडी डॅडीज’मध्ये दोन भाडोत्री मारेकरी चार वर्षांच्या मिरीला सांभाळतात. तिथेही गणित हेच.

दांडगा लढवय्या आणि लहान मूल, या प्रकारच्या गोष्टींचं मूळ बहुतेक जण १९७० साली सुरू झालेल्या ‘लोन वुल्फ अँड कब’ या चित्रकथेत शोधतात. लेखक काझुओ कोइके, चित्रकार गोसेकी कोजिमा, एकूण २८ खंड. परागंदा तलवारबहाद्दर आणि त्याचा लहानगा दाइगोरो, तोही लाकडी गाड्यात. त्या गाड्यात शस्त्रं लपवलेली असत, हे सगळे सांगतात. ॲनिमेटरच्या नजरेने बघितलं तर गाड्याचा फायदा वेगळाच: मुलाला चालवावं लागत नाही.

(दृश्य: हात धरून चालणारे दोघं, टाइमशीट)

कारण चालणं महाग आहे. समजा, त्याचं पाऊल १५ फ्रेमचं, तिचं ९. दोन पावलांचं एक आवर्तन धरलं तर त्याचं ३०, तिचं १८. तीन-तीन फ्रेमच्या हिशेबाने त्याला १० चित्रं पुरतात, तिला ६; तीच फिरवत राहायची. पण हात धरलेले आहेत. दोघांची पावलं पुन्हा जुळायला ९० फ्रेम जातात, म्हणजे धरलेल्या हातांची ३० वेगळी चित्रं. म्हणून पुष्कळदा चौकट छातीवर कापतात आणि धडाचं एकच चित्र वर-खाली सरकवतात. स्वस्त पडतं, आणि लगेच कळतं.

(दृश्य: मुलीची बोटं त्याच्या एका बोटाभोवती. दहा सेकंद निवेदन नाही.)

मधल्या चित्रांचे पैसे पानामागे मिळतात, साधारण २०० ते ३०० येन. मारामारीचं पान असो की हे, दर बहुधा तोच.

(दृश्य: कागदांचा गठ्ठा फडफडवणारी बोटं)

ही तपासणी. गठ्ठा बोटांत धरून उलटसुलट फडफडवतात. नजर चेहऱ्यावर नसते, पंजाच्या कडेवर असते. ती कड फ्रॉकवरून जरा जरी सरकली तर चित्र परत जातं, आणि त्याच्या आधीचं आणि नंतरचंही.