ही फाइल कुणाची?

काळ्या पडद्यावर एक ओळ अडून बसली आहे. 'लिबजीएल डॉट एसओ डॉट १' ही फाइल नाही, म्हणून कॅमेऱ्यातली चित्रं ओळखणारा प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

फाइलचं नाव कळलं. पण ती येते कुठल्या पॅकेजातून, म्हणजे एकत्र बसवायच्या फायलींच्या कुठल्या गठ्ठ्यातून? अंदाजानं चार पॅकेजं टाकून बघायची गरज नाही. या संगणकावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे, आणि डेबियनमध्ये याची नोंद असते.

आधी ओळखीची फाइल घेऊ: एलएस, फोल्डरमधल्या फायली दाखवणारी कमांड. विचारायचं डीपीकेजीला, डेबियनमध्ये पॅकेजं बसवणाऱ्या साधनाला. डीपीकेजी, डॅश, मोठा एस, पुढे पत्ता: स्लॅश बिन स्लॅश एलएस. उत्तर आलं, कोअरयुटिल्स. हे पॅकेजचं नाव.

हे उत्तर कुठून आलं, ते बघा. स्लॅश वार, लिब, डीपीकेजी, इन्फो. बसवलेल्या प्रत्येक पॅकेजची इथे एक यादी आहे. साधा मजकूर, एका ओळीत एक पत्ता. फायलींचा सातबाराच हा, आणि तो कुणालाही उघडून वाचता येतो. कुलूप नाही, परवानगी लागत नाही.

एक जागा मात्र फसवी आहे. कमांडची फाइल कुठे आहे ते सांगणारी 'व्हिच' ही कमांड एलएसचा पत्ता यूएसआर बिनमधला सांगते. तोच डीपीकेजीला दिला, तर ते म्हणतं, अशी नोंदच नाही. बिन फोल्डर आता यूएसआर बिनकडे नेणारा नुसता दुवा आहे, नोंद मात्र जुन्या पत्त्यावर राहिली. पत्त्यातला यूएसआर काढा, पुन्हा विचारा.

आपली फाइल तर या संगणकावर नाहीच. तिथे डीपीकेजी काय सांगणार? त्यासाठी एपीटी-फाइल, न बसवलेल्या पॅकेजांतही फाइल शोधणारं साधन. हे वेगळं बसवावं लागतं. आधी 'अपडेट': डेबियनच्या भांडारातल्या पॅकेजांमध्ये कुठल्या फायली आहेत, त्याच्या याद्या उतरतात. डेबियन १२ मध्ये ६४,००० हून जास्त पॅकेजं आहेत. मग 'सर्च' आणि आपल्या फाइलचं नाव. ओळी सरकतात, आणि ही बघा: लिबजीएल१.

ते बसवलं. प्रोग्रॅम चालू झाला.

आता पॅकेजची माहिती दाखवणारी कमांड, 'एपीटी शो लिबजीएल१'. 'मेंटेनर'च्या ओळीवर थांबा. डेबियन एक्स स्ट्राइक फोर्स, हे डेबियनमधल्या एका गटाचं नाव. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पाचं काम आजही स्वयंसेवक करतात. पॅकेज कोण सांभाळतं, हे असं पॅकेजावरच लिहिलेलं असतं, संपर्काच्या पत्त्यासकट.