न लागलेली बातमी

मंडळी, पत्रकार दिनाला बोलावलंत, शाल-नारळ दिलात. आता थोडं कडू ऐका.

६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' निघालं. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. देवगडला लागून राजापूर. त्या राजापुरात ६ फेब्रुवारी २०२३ ला, पत्रकार दिनानंतर बरोबर महिन्याने, पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला एका गाडीने उडवलं. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात, रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. वय ४८. गाडी घातली त्याच दिवशी सकाळी 'महानगरी टाइम्स'मध्ये त्यांची बातमी लागली होती. राजापुरात होऊ घातलेल्या तेल रिफायनरीचा एक समर्थक, त्याच्यावरचे गुन्हे, आणि बॅनरवर मोठ्या नेत्यांशेजारी त्याचा फोटो. गाडी त्यानेच घातली, असा आरोप आहे. आधी सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं, मग खुनाचं.

मुंबईत २०११ साली 'मिड-डे'चे जे. डे यांना पवईत गोळ्या घातल्या. सात वर्षांनी छोटा राजनसह नऊ जणांना जन्मठेप झाली. वेळ गेला, पण निकाल लागला. डे यांच्यामागे मुंबईतला मोठा पेपर होता, शहरभरचे पत्रकार रस्त्यावर उतरले. तालुक्याच्या वार्ताहरामागे कोण असतं?

मी बरीच वर्षं जिल्हा डेस्कवर काढली, म्हणून सांगतो. आमचे बरेचसे वार्ताहर पगारावर नव्हते. मानधन पेट्रोलला पुरायचं नाही. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनची: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, दिवाळी अंक आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस. म्हणजे ज्याच्या वाळूच्या डंपरची बातमी द्यायची, त्याच्याच दारात वाढदिवसाची पानभर जाहिरात मागायला जायचं. गाडी अंगावर यायच्या कितीतरी आधी दबाव सुरू झालेला असतो. आम्ही वर डेस्कवरून विचारायचो, "टार्गेट किती झालं?" यात आमचाही हात आहे, हे मी नाकारत नाही.

कायदा आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे. २०१७ साली विधिमंडळाने पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला, २०१९ मध्ये तो अमलात आला. गुन्हा अजामीनपात्र, तपास उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याकडे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चांगलं आहे. पण त्यातला 'पत्रकार' कोण? ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो नियमित किंवा कंत्राटी नोकरीत आहे, तो. आमचा वार्ताहर सकाळी अंक वाटतो, दुपारी विम्याची कामं करतो, रात्री बातमी पाठवतो. नेमणुकीचं पत्र त्याने कधी पाहिलेलं नसतं. मार खाल्ल्यावर पोलीस ठाण्यात त्याने आधी काय सिद्ध करायचं, मार की नोकरी?

हल्ल्याची बातमी होते. हल्ल्यामुळे न लिहिलेल्या बातमीची नोंद कुठे होत नाही. ती डेस्कला कळतसुद्धा नाही, कारण जी आलीच नाही ती मागणार कशी?

आमच्या एका वार्ताहराचं सांगतो, नाव नको. राजापूरनंतर त्याचा फोन आला. "साहेब, खाणीची बातमी पाठवतोय, पण माझं नाव टाकू नका. नुसतं 'वार्ताहर' लिहा." मी म्हटलं, अरे, तुझ्या तालुक्यात आपला एकच वार्ताहर आहे, नाव काढून लपणार काय? तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "मग राहू दे."

त्या रात्री त्याच्याकडून हळदीकुंकवाची बातमी आली. फोटो होता, सगळ्यांची नावं नीट होती. ती आम्ही छापली.