कोलाडचा रॅम्प

(दृश्य : कोलाड स्थानक, पहाट. रॅम्पवर चढणारे ट्रक.)

भरलेला ट्रक मालगाडीवर चढवायचा म्हणजे हात बसलेला लागतो. रॅम्प संपला की पुढे सपाट, उघड्या वाघिणींची, म्हणजे मालगाडीच्या डब्यांची रांग. एका वाघिणीवरून दुसरीवर, तिच्यावरून तिसरीवर असं शेवटपर्यंत सरकत जायचं. कडेला जागा जेमतेम. पुढे उलटा चालणारा क्लिनर हाताने खुणा करतोय, ड्रायव्हरची नजर फक्त त्याच्या पंजावर.

कोकण रेल्वेने ही रो-रो, म्हणजे भरलेले ट्रकच गाडीवरून नेण्याची सेवा १९९९ साली सुरू केली. रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला चढलेला ट्रक उतरतो थेट गोव्यात, वेर्ण्याला. ड्रायव्हर केबिनमध्ये पाय पसरून बसतो. ट्रक चारशे किलोमीटर पुढे जातो, पण डिझेल जळत नाही, टायर झिजत नाही, कशेडी घाट लागत नाही. आणि मुंबई-गोवा महामार्गाबद्दल आम्ही काही बोलायला नको.

(दृश्य : पानवल पूल, ड्रोनमधून.)

हा रत्नागिरीजवळचा पानवल पूल. खांब ६४ मीटरपर्यंत उंच, म्हणजे वीस मजली इमारत सहज मावेल. एवढ्या खोल दरीत खालून परांच्या उभारून वरचा पूल बांधणं अवघड. मग पुलाचा एकेक तुकडा काठावरच ओतला, मागून जॅकने रेटला आणि पूल इंचाइंचाने दरीवर पुढे सरकवला. त्या काळी ही पद्धत आपल्याकडे अगदी नवी होती.

(दृश्य : इंजिनाच्या काचेतून करबुडे बोगदा.)

उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. सगळ्या मार्गावर असे ९१ बोगदे. कातळ फोडायला सुरुंग होते, पण गोव्यातल्या पेडण्याला कातळ नव्हता, ओली चिकणमाती होती. खणावं तेवढं ढासळायचं. मजुरांचे जीव गेले. बाकी मार्ग तयार होऊन या तुकड्यासाठी थांबला होता. अखेर २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्ग खुला झाला.

योगायोग पाहा. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, तेव्हा रेल्वेमंत्री होते मंगळुरूत जन्मलेले जॉर्ज फर्नांडिस आणि अर्थमंत्री राजापूरचे खासदार मधु दंडवते. अध्यक्षपद ई. श्रीधरन यांच्याकडे. सुमारे साडेतीन हजार कोटींचं काम. भांडवलात रेल्वेचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकचे १५, गोवा आणि केरळचे सहा-सहा. उरलेला पैसा मुख्यतः रोख्यांतून. हे कर्ज महामंडळाच्या मानगुटीवर पुढे बरीच वर्षं बसलं.

(दृश्य : नकाशा. जुना आणि नवा मार्ग.)

मुंबई ते मंगळुरू हा रेल्वेप्रवास पूर्वी २०४१ किलोमीटरचा होता. तो ९१४ वर आला. एवढं अंतर तुटलं की वाहतुकीचा खर्च उतरतो, बाजार जवळ येतो. देशाचा फायदा झाला, वाद नाही. पण तो साठला कुठे? मार्गाच्या दोन टोकांना. कोलाडचा ट्रक चिपळूण, रत्नागिरी, कुडाळवरून निघून जातो. देवगडचा हापूस आजही बहुतेक टेम्पो-ट्रकनेच वाशीच्या बाजारात पोचतो.

जमिनी गेल्या, गोव्यात खाजणांवरून, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनींवरून आंदोलनं झाली, दरडींमुळे अपघात झाले. मग डोंगर उतरते केले, जाळ्या बसवल्या.

(दृश्य : गणपतीआधीचा आठवडा. दादर, मग कणकवली स्थानक. निवेदन नाही, फक्त फलाटावरचा आवाज.)

(दृश्य : क्रॉसिंगला थांबलेली मालगाडी.)

विजेच्या तारा २०२२ पर्यंत सगळीकडे आल्या. दुसरा रूळ मात्र रोहा ते वीर एवढाच, सुमारे ४७ किलोमीटर. पुढे एकेरी मार्ग. त्यावर आधी प्रवासी गाड्या, मग माल. त्यात आंब्याची पेटी चढवायला जागा कोण देणार?

कोकण रेल्वेचं भारतीय रेल्वेत विलीनीकरण करायला महाराष्ट्र सरकारने २०२५ साली संमती दिली. नाव तेच ठेवा, असा आग्रह धरला. धरावाच. पण वीरच्या दक्षिणेला दुसरा रूळ आणि रत्नागिरी, कणकवली, कुडाळला माल चढवायची शेड, शीतगृह, यांसाठी पैसा विलीनीकरणानंतर केंद्राच्या अर्थसंकल्पातून मागता येईल. महामंडळाच्या खिशात तो नव्हता.