दिवस कसा जातो, याचे मोजमाप

[दृश्य: मिरज रेल्वे जंक्शन. गाडीतून उतरणारे रुग्ण आणि नातेवाईक]

मिरज ओळखली जाते ती तंतुवाद्यांसाठी आणि दवाखान्यांसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. विल्यम वानलेस यांनी येथे मिशन रुग्णालयाचे काम सुरू केले, आणि तेव्हापासून सांगली, सोलापूर, बेळगाव, विजापूर या भागांतले रुग्ण या गावाची वाट धरत आले आहेत. त्यांच्या हातातल्या फाइलीत रोगाचे नाव असते, रक्ताच्या तपासण्या असतात, एक्स-रे असतो. हा माणूस घरी स्वतःच्या हाताने आंघोळ करतो का, कपडे घालतो का, बाजारातून भाजी आणतो का, याची नोंद मात्र त्या फाइलीत क्वचितच सापडते.

[दृश्य: सतारमेकर गल्ली. मांडी घालून भोपळा तासणारा कारागीर]

समजा, जमिनीवर बसून तानपुरा घडवणाऱ्या एका कारागिराच्या आणि सांगलीत विश्रामबागेत खुर्चीवर बसून हिशेब लिहिणाऱ्या एका गृहस्थाच्या गुडघ्यांची झीज एक्स-रेमध्ये सारखीच दिसते आहे. निदान एक, औषधे एक. पण पहिल्याची रोजची मिळकत थांबते आणि दुसऱ्याच्या कामात फारसा खंड पडत नाही. हा फरक रोगाच्या नावात कोठेच उमटत नाही. तो टिपण्यासाठी वेगळे वर्गीकरण लागते.

असे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेने 1980 मध्ये प्रायोगिक स्वरूपात प्रसिद्ध केले आणि मे 2001 मध्ये त्याची पूर्णपणे नवी मांडणी स्वीकारली. तिला आयसीएफ, म्हणजे कार्यक्षमता, दिव्यांगत्व आणि आरोग्य यांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण, म्हणतात. शरीराची कार्ये, शरीराची रचना, दैनंदिन कृती व सहभाग, आणि भोवतालची परिस्थिती अशा चार भागांत ती विभागलेली असून प्रत्येक बाबीला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक आहे. चालणे म्हणजे ‘डी 450’, कपडे घालणे म्हणजे ‘डी 540’. उकिडवे बसण्यालाही ‘डी 4101’ हा क्रमांक दिलेला आहे, आणि ज्या घरांत चूल, मोरी आणि शौचालय या तिन्ही ठिकाणी उकिडवे बसावे लागते तेथे हा क्रमांक फार महत्त्वाचा ठरतो. क्रमांकापुढे अडचणीची तीव्रता लिहितात. शून्य म्हणजे अडचण नाही, एक म्हणजे सौम्य, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे तीव्र आणि चार म्हणजे संपूर्ण.

या पद्धतीत एकाच कृतीसाठी दोन नोंदी करता येतात, आणि आमच्या मते तिचे खरे मोल येथेच आहे. एक नोंद क्षमतेची, म्हणजे कोणाचीही किंवा कशाचीही मदत नसताना माणसाला काय जमते याची. दुसरी प्रत्यक्ष व्यवहाराची, म्हणजे त्याच्या स्वतःच्या घरात, गल्लीत, गावात तो खरोखर काय करतो याची. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचा पूर सांगलीत शिरला, तेव्हा एरवी चाकाच्या खुर्चीवरून घरभर आणि गल्लीत फिरणाऱ्या माणसाची क्षमता तसूभरही कमी झालेली नव्हती, तरी घराबाहेर पडणे त्याच्यासाठी पूर्णपणे दुसऱ्यांच्या हातात गेले. आयसीएफमध्ये नैसर्गिक घटनांना ‘ई 230’ हा क्रमांक आहे तो याचसाठी. उलट बाजूने, मोरीच्या भिंतीला बसवलेली एक लोखंडी दांडी गुडघे न सुधारताही व्यवहार सुधारते, आणि तिचीही नोंद साहाय्यक घटक म्हणून होते.

[दृश्य: फिजिओथेरपी विभाग. जिना चढण्याचा सराव करणारी वृद्धा]

संपूर्ण वर्गीकरण भरत बसणे गर्दीच्या ओपीडीत शक्य नसते, म्हणून छोट्या प्रश्नावल्या वापरल्या जातात. पक्षाघातानंतरची प्रगती पाहण्यासाठी 1965 पासून बार्थेल निर्देशांक प्रचलित आहे. त्यात जेवणे, आंघोळ, जिना चढणे अशा दहा बाबींना मिळून शून्य ते शंभर गुण देतात. जागतिक आरोग्य संघटनेची बारा प्रश्नांची प्रश्नावली गेल्या 30 दिवसांतल्या अडचणी विचारते. कुटुंबवैद्यांसाठी तयार झालेल्या चित्रांच्या तक्त्यांत गेल्या दोन आठवड्यांची स्थिती पाच पायऱ्यांवर दाखवायची असते, त्यामुळे वाचता न येणाऱ्या रुग्णालाही बोट ठेवून उत्तर देता येते.

अशी साधने जशीच्या तशी उचलली, तर फसगत होऊ शकते. 1969 मध्ये आलेल्या लॉटन मोजपट्टीत फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे आणि पैशांचे व्यवहार अशा आठ बाबी आहेत; पुरुषांना गुण देताना मूळ पद्धतीत स्वयंपाक, घरकाम व कपडे धुणे वगळले जात असे. आता तासगाव किंवा खानापूर तालुक्यातल्या सत्तरीच्या आजींना बँकेचा व्यवहार जमतो का, असे विचारले तर उत्तर ‘नाही’ असे येईल, पण त्यामागे आजार असेलच असे नाही. तो व्यवहार आयुष्यभर घरातल्या पुरुषांनी केला असेल. त्याच आजींना द्राक्षबागेत दिवसभर उभे राहणे जमत असेल, आणि प्रश्नावलीत बागेचा उल्लेखही नसेल. म्हणून ‘करता का?’ या प्रश्नाला ‘पूर्वी करत होता का?’ हा दुसरा प्रश्न जोडणे अत्यावश्यक आहे. तो विचारायला अर्धा मिनिट लागतो, आणि नेमका तोच बहुतेक वेळा राहून जातो.

आपल्याकडे लोकांना सर्वांत परिचित असलेला आकडा दिव्यांगत्वाच्या टक्क्यांचा आहे. 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य केले आणि अनेक सवलतींसाठी किमान 40 टक्क्यांची अट ठेवली. त्याच कायद्याच्या व्याख्येत शारीरिक उणिवेबरोबर भोवतालच्या अडथळ्यांचाही विचार आहे, परंतु प्रमाणपत्रावरचा टक्का मुख्यतः शरीराच्या तपासणीतून ठरतो. सवलत कोणाला द्यायची हे त्यावरून ठरवता येते. कोणाला दांडी हवी, कोणाला उंच आसनाचे शौचालय हवे आणि कोणाला केवळ सोबत हवी, हे त्यावरून कळत नाही.

[दृश्य: वाळवा तालुक्यातील एक वस्ती. उंबऱ्यात बसून फॉर्म भरणाऱ्या आशाताई]

गावपातळीवर आशाताई तीस वर्षांवरील व्यक्तींची जी तपासणी-सूची भरतात, तिच्यात साठीपुढच्या लोकांसाठी काही प्रश्न आहेत: उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, जेवणे, कपडे घालणे, आंघोळ, शौचास जाणे यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहायचे असते. अडचण किती आणि कशामुळे, यासाठी जागा नसते. मात्र उंबऱ्याची उंची, मोरीतला शेवाळलेला दगड आणि घरापासून शौचालयापर्यंतचा चढ हे सारे त्यांच्या डोळ्यांसमोरच असते. फॉर्मवर आणखी दोन ओळी वाढवल्या, तर मिरजेच्या ओपीडीत कधीच न दिसणारी ही माहिती त्या तेथल्या तेथे लिहून घेऊ शकतील.