एक इकडची, एक तिकडची

नमस्कार श्रोतेहो.

तीस वर्षं मी चेंबूर ते ठाणे आणि ठाणे ते चेंबूर गाडी चालवली. आधी फियाट, मग मारुती आठशे, मग वॅगनआर. गाड्या बदलल्या, रस्ता तोच. सरकारी पाटीवर त्याचं नाव पूर्व द्रुतगती मार्ग. आम्ही नुसतं 'ईस्टर्न' म्हणतो, कारण पुढचे शब्द उच्चारायला जीभ धजत नाही. एकदा संध्याकाळी अमर महालला शेजारच्या रिक्षातल्या बाईंनी मेथीची जुडी सोडली. विक्रोळी येईस्तोवर ती निवडून, देठं वेगळी करून, पिशवीला गाठ मारून त्या मोकळ्या झाल्या. मग त्यांनी दुसरी जुडी काढली, तेव्हा मी मान फिरवली.

वाहनचालकांच्या वैतागावर बोला, असं मला सांगितलंय. बारा मिनिटं दिली आहेत. पण वैतागाची यादी तुम्हाला पाठ आहे. क्लच दाबून दाबून डावा गुडघा भरून येतो, पाणी प्यावं तर पुढची पंचाईत, आणि मागचा माणूस हॉर्नवर हात ठेवून विसरून गेलेला असतो. हॉर्नचं तर मला कोडंच आहे. पुढे चारशे गाड्या उभ्या दिसताहेत, तरी हा वाजवतोय! 2015 मध्ये आपल्याकडे ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी आली. अक्षरं बऱ्याच ठिकाणी पुसली गेली, हात काही उचलला गेला नाही. असो.

मला एकच गोष्ट सांगायची आहे. गाड्या फार झाल्या म्हणून कोंडी होते, हे खरं, पण अर्धं खरं. उरलेलं अर्धं घडतं ते चिंचोळ्या तोंडाशी. जिथे चार रांगांच्या दोन होतात, दोनाची एक होते, तिथे. आणि तिथे आपण कसे वागतो, त्यावर पुढचा सगळा खेळ. चिंचोळं तोंड. एवढं लक्षात ठेवा, आणि आता गोष्ट ऐका.

कोपरीचा पूल तुम्हाला माहीत आहे. मुंबईहून ठाण्यात शिरताना रेल्वेवरून जातो तो. आज तो ऐसपैस आहे, 2023 मध्ये पूर्ण रुंदीने खुला झाला. पण त्याआधी कित्येक वर्षं अशी तऱ्हा होती की रस्ता जाणाऱ्या बाजूला चार पदरी आणि पूल दोन पदरी. त्यात पुलाच्या जरा अलीकडे आनंदनगरचा टोलनाका. म्हणजे आधी गाड्या नाक्यावर पंख्यासारख्या पसरायच्या, आणि पलीकडे पडल्या की सगळ्यांना त्या दोन पदरांत घुसायचं. टोलचे 35 रुपये, पन्नासची नोट, दहा परत आणि पाचाच्या ऐवजी चॉकलेट. त्या चॉकलेटांची माझ्या गाडीत बरणी भरली होती. 2024च्या ऑक्टोबरात मुंबईच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल माफ झाला, तेव्हा मला आनंद झाला तो पैशांपेक्षा त्या चॉकलेटांतून सुटल्याचा.

तर पूल रुंद व्हायच्या आधीची गोष्ट. मे महिना. माझ्या सख्ख्या भाचीचं लग्न. हॉल तीन हात नाक्याजवळ, मुहूर्त संध्याकाळचा, सहा बेचाळीसचा. आणि मी मुलीचा मामा! मामाचं काम काय ते सांगत बसत नाही. गुरुजी माइकवरून पुकारतात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं," आणि मामा नसला तर काय होतं तेही तुम्हाला ठाऊक आहे.

आम्ही साडेचारला निघालो. मी, बायको आणि मागे आत्या. आत्या तेव्हा एक्याऐंशीची. पस्तीस वर्षं मराठी शाळेत होती, शेवटची नऊ मुख्याध्यापिका. टोलनाक्यापर्यंत सव्वापाच. मी खूश. नाका ओलांडला, गाडी पन्नास फूट पुढे गेली आणि थांबली. ती थांबलीच.

पुलाच्या चढावर खडीच्या डंपरचा पाटा तुटला होता. डंपर डाव्या पदरात बसकण मारून बसलेला. म्हणजे दोनातला एकच पदर उरला, आणि आठ-दहा खिडक्यांतून सुटलेल्या गाड्या त्या एका पदराकडे तोंड करून उभ्या. तिथे एक हवालदार होता, तो क्रेनची व्यवस्था बघायला पुढे गेलेला. मी घड्याळ लावून मोजलं. पाच मिनिटांत त्या तोंडातून सतरा गाड्या गेल्या. सतरा! कारण प्रत्येक गाडी निघाली की डावीउजवीकडून तीन नाकं एकदम घुसायची, एकमेकांना अडायची, काचा खाली व्हायच्या, शब्दाला शब्द व्हायचा, आणि तेवढ्या वेळात पुढे रस्ता मोकळा पडलेला असायचा. पुढे मोकळा रस्ता, मागे भांडण.

साडेपाच झाले. बायको म्हणाली, "तुम्ही उतरा आणि चालत जा. गाडी मी आणते." ती माझ्यापेक्षा चांगली चालवते, हे आज रेडिओवर कबूल करतो. हॉल दीड-दोन किलोमीटरवर होता. पंचवीस मिनिटांत पोचलो असतो. आणि मी काय म्हणालो? "आत्ता सुटेल."

श्रोतेहो, "आत्ता सुटेल" हा चालकाचा आजार आहे. पावणेसहाला मी तेच म्हणालो. सहालाही तेच.

आमच्या डाव्या हाताला एक टेम्पो उभा होता. त्यात लग्नाचा बँड. अख्खा बँड, चौदा-पंधरा माणसं, त्या उन्हाच्या कडाक्यात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुबके, टोपीला तुरा. ढोलावर डोकं टेकवून एकजण झोपलेला. त्यांचंही कुठेतरी लग्न होतं, कापूरबावडीच्या बाजूला. मास्तरांना सारखे फोन येत होते आणि ते प्रत्येकाला सांगत होते, "आलो, आलो, वळणावरच आहे." आता बँडचं सांगायचं तर, हल्ली ही मंडळी दिसेनाशी झाली. डीजेच्या भिंती आल्या. मला डीजे सहन होत नाही, छातीत धडधडतं, शेजारच्या माणसाचं बोलणं कळत नाही. क्लॅरिनेटवाला चुकला तरी त्याच्या चुकण्यात एक माणूस असतो. पण ते जाऊ दे.

आत्याने काच खाली केली. म्हणाली, "अहो मास्तर, तुमच्यातला एखादा उभा करा की तिथे, तोंडाशी."

मास्तर म्हणाले, "आजी, आम्ही काय पोलीस आहोत?"

आत्या म्हणाली, "तुमचा कोट पोलिसापेक्षा भारी आहे. कोण विचारतंय? माझ्या शाळेत पाण्याच्या नळाशी दोन वर्ग एकदम सुटायचे. मी एक पोर उभं करायची. एक ह्या रांगेतला, एक त्या रांगेतला. ढकलाढकली बंद. जा, पाठवा कोणाला."

मास्तर हसले. पण टेम्पोतून एक काटकुळा मुलगा उतरला. झांजवाला. विशीचा असेल, कोट त्याला दोन मापं मोठा. झांजा गळ्यातच होत्या. तो गाड्यांमधून वाट काढत गेला आणि डंपरच्या मागच्या चाकाला पाठ लावून उभा राहिला. मला वाटलं, हा आता शिव्या खाणार.

त्याने डावीकडच्या एका पांढऱ्या गाडीकडे बोट केलं आणि झांज वाजवली. झण्ण! गाडी गेली. उजवीकडच्या टॅक्सीसमोर हात आडवा, मग हात बाजूला, झण्ण! टॅक्सी गेली. डावीकडची, झण्ण. उजवीकडची, झण्ण. एक मोठी काळी गाडी नाक खुपसत पुढे आली, तर त्याने दोन्ही झांजा तिच्या बॉनेटपासून वीतभर अंतरावर अशा काही आपटल्या की आतला माणूस दचकून मागे टेकला. आणि थांबला! त्याला वाटलं असणार, हे कुठलंतरी नवीन खातं आहे. लाल कोट, सोनेरी झुबके, तुरा. आपण गणवेशाला मानतो, माणसाला मानत नाही, हे तेव्हा मला कळलं.

मी पुन्हा घड्याळ लावलं. तीन सेकंदांना एक झांज. मिनिटाला वीस गाड्या. मघाशी पाच मिनिटांत सतरा जात होत्या, आता मिनिटाला वीस. डंपर तिथेच. पदर एकच. पूल तेवढाच. बदललं काय? एक इकडची, एक तिकडची. बस्स.

आमची पाळी सहा पस्तीसला आली. आत्याने हात जोडले त्याला. तो घामाने निथळत होता, कोटाचा रंग मानेवर उतरला होता. मागून त्यांचा टेम्पो आला, मास्तरांनी हात दिला आणि तो चालत्या टेम्पोत चढला. मी आरशात बघत होतो. झांज गेली तरी दहा-बारा गाड्या तशाच आल्या, इकडची, तिकडची, इकडची, तिकडची, जणू त्यांच्या कानात अजून वाजत होती. मग एकजण दोन गाड्यांच्या फटीत घुसला, आणि पुढचं मला दिसलं नाही.

तीन हात नाक्याला सिग्नल लागला. हॉलवर पोचलो तेव्हा सात वाजून दोन मिनिटं झाली होती. मंगलाष्टकं संपून पंगतीची धावपळ सुरू होती. आपल्याकडे भाषणं तासतासभर उशिरा सुरू होतात, पण मुहूर्त मात्र त्या दिवशी सेकंदाला पाळला. माझ्या जागी मामा म्हणून बहिणीच्या वरच्या मजल्यावरचे काका उभे राहिले होते.

वेळ बराच गेला. शास्त्राचं थोडक्यात सांगतो. नरसाळ्यातून तांदूळ बाटलीत भरताना तुम्ही घाई केलीत की तोंडाशी दाणे एकमेकांना अडतात आणि एकही खाली पडत नाही. हळू सोडलेत तर सुर्र जातात. गाड्यांचं तसंच आहे, फरक एवढाच की तांदूळ हॉर्न वाजवत नाहीत. जपानमध्ये शास्त्रज्ञांनी 230 मीटरच्या एका गोल रस्त्यावर 22 गाड्या सोडल्या. सांगितलं, सगळ्यांनी ताशी 30 किलोमीटरने जा. पुढे पूल नाही, डंपर नाही, सिग्नल नाही. तरी थोड्या वेळाने कोंडी झाली! कोणीतरी जरासा ब्रेक मारला, मागच्याने जरा जास्त मारला, त्याच्या मागचा थांबला. आणि ती कोंडी गाड्यांच्या उलट दिशेने मागे मागे सरकत राहिली. हा प्रयोग 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे तुम्ही घाटकोपरला ज्यासाठी थांबता, ते कारण पुढे भांडुपच्या बाजूला होऊन, मिटून, घरीसुद्धा गेलेलं असू शकतं. म्हणून पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटू नका. अंतर ठेवा. अंतर ठेवलं तर ब्रेक कमी लागतो, आणि ब्रेक कमी तर कोंडी कमी. जर्मनीत तर रांग संपते तिथे आळीपाळीने आत घ्यायचं, हे कायद्यातच आहे. त्याला ते पँटच्या चेनचं नाव देतात, एक दात इकडचा, एक दात तिकडचा.

नवीन रस्ता बांधला की झालं, असं म्हणणाऱ्यांना मी चेंबूरकर म्हणून एक सांगतो. 2013 मध्ये आमच्या दारातून पूर्व मुक्त मार्ग सुरू झाला, पुढच्या वर्षी पूर्ण झाला. जवळजवळ 17 किलोमीटर, एक सिग्नल नाही, दुचाकींना बंदी. पहिल्या आठवड्यात मी मुद्दाम बायकोला घेऊन फोर्टात चहा प्यायला गेलो. वीस मिनिटं! वाटलं, जिंकलो. मग हळूहळू वीसाची तीस झाली. आता वरून कशी भर्रकन गाडी जाते, आणि खाली डिमेलो रोडला उतरताना रांग. रस्ता मुक्त, तोंड चिंचोळं. पाणी तेच, फक्त गळा चेंबूरहून ऑरेंज गेटला नेला. बेस्टच्या बसला एक वेगळी रांग द्या, असं मी वीस वर्षं म्हणतोय. एका बसमध्ये पन्नास माणसं आणि माझ्या वॅगनआरमध्ये मी आणि चॉकलेटची बरणी. पण हा विषय काढला की घरचेही उठून जातात, तेव्हा थांबतो.

तुमच्या वाटेवर आज संध्याकाळी कुठेतरी चिंचोळं तोंड येईल. सायनला येईल, गुंदवलीला येईल, घोडबंदरला गायमुखाशी तर येईलच. एक गाडी पुढे जाऊ द्या, मग तुम्ही जा. एक इकडची, एक तिकडची. आणि जवळ पोचायची घाई असेल, बायको गाडी हातात घ्यायला तयार असेल, तर उतरा आणि चालायला लागा.

गेल्या दिवाळीत भाचीकडे गेलो होतो. तिच्या सात वर्षांच्या मुलीने लग्नाचा अल्बम काढून मांडीवर घेतला. अंतरपाटाच्या फोटोत भाचीच्या मागे निळ्या सफारीतले ते वरच्या मजल्यावरचे काका ताठ उभे आहेत. तिने त्यांच्यावर बोट ठेवलं आणि मला सांगितलं, "हे मामाआजोबा." मी समोरच बसलो होतो, चकली खात.

नमस्कार.